नादारीची फी

"मालक आहेत काय?" बेलिफ खोतांनी पायरीखालूनच विचारलं.

"नाहीत."

"कुठं गेलेत?"

"पुण्याला."

"गेल्या खेपेला सोलापूरला होते."

"तिथनंच पुढं गेले."

"लांबचा प्रवास चाललाय म्हणायचा," असं म्हणत खोतांनी चपला काढून पायरीवर बसत वॉरंट मांडीवर घेतलं आणि ते त्यावर 'मिळून आले नाहीत' असा शेरा लिहू लागले. हे सगळं चालू असताना सामाईक भिंतीपलीकडे नेमिनाथ मगदुमांचे माग धडधडत होते, आणि त्यांतल्या दोन मागांवर माझे पती उभे होते. हे मला ठाऊक होतं. खोतांनाही ठाऊक असावं, कारण लिहिताना ते एकदाही त्या भिंतीकडे बघत नव्हते.

चपला पायांत सरकवता सरकवता ते थांबले.

"वहिनी, मी सरकारी माणूस, मी बोलू नये. पण हा कागद परत गेला की नवा निघतो. पेढीला काय, तेवढ्यासाठीच वकील ठेवलेत. तुम्ही नादारीचा अर्ज टाका. माणूस नादार ठरला की पेढीला त्याच्या अंगाला हात लावता येत नाही."

"त्याला काय लागतं?"

"वकील लागतो," खोत म्हणाले. "आणि तोच तुम्हाला या गावात मिळायचा नाही."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. इचलकरंजीत तेव्हा निम्मं गाव त्या एका पेढीचं सूत उधारीवर घेई. सूत घ्यायचं, कापड विणायचं, कापड विकलं की पैसे भरायचे. आमचं कापड ज्या परगावच्या व्यापाऱ्याकडे गेलं होतं त्याच्या दुकानाला एक दिवस कुलूप लागलं. पुढे कोर्टाचा हुकूमनामा झाला, आमचे चारही माग लिलावात गेले, तरी देणं उरलंच. उरलेल्या देण्यापोटी ह्यांना अटक करायचं वॉरंट निघालं.

उधारीच्या कागदावर एका जामीनदाराची सही लागे. आमच्या गल्लीत तिला 'सही घालणं' म्हणत, आणि ती विरजणाइतक्या सहज मागितली आणि दिली जाई. ह्यांनी नेमिनाथभाऊंसाठी घातली होती, नेमिनाथभाऊंनी ह्यांच्यासाठी. कागद वाचून सही घालणारा माणूस गल्लीत शिष्ट समजला जाई.

वॉरंट निघालं त्याच संध्याकाळी नेमिनाथभाऊ आमच्या सोप्यात येऊन बसले होते. "सदाभाऊ, घाबरायचं कारण नाही. दिवसा आमच्यात येऊन बसायचं. दुसऱ्याच्या घराचं दार बेलिफाला मोडता येत नाही, आणि दिवस मावळल्यावर तुमच्याही घरात शिरता येत नाही. मी सगळं विचारून घेतलंय."

त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले होते.

तेव्हापासून हे पहाटे परसातून पलीकडे जात आणि दिवेलागणीनंतर परत येत. नुसतं बसवेना म्हणून त्यांनी तिथले माग चालवायला घेतले. मजुरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि नेमिनाथभाऊंनीही काढला नाही. दुपारचं ताट कुसुमवहिनी, म्हणजे नेमिनाथभाऊंच्या पत्नी, वाढत. सहा महिने असे गेले. उन्हात न गेलेल्या ह्यांच्या चेहऱ्यावर कापसाची पूड बसून तो पिठासारखा दिसू लागला होता.

खोत गेले त्याच आठवड्यात, मी शिकवायची ती बालवाडी सुटल्यावर मी कोर्टाच्या रस्त्याला लागले.

पहिल्या वकिलांनी माझं निम्मं बोलणं ऐकलं आणि पेन बंद केलं. "पेढीचं वकीलपत्र आहे माझ्याकडं. तुमचं ऐकणंही बरोबर नाही." दुसऱ्यांच्या कारकुनाने मला आतही जाऊ दिलं नाही. तिसऱ्या वकिलाच्या पाटीचा रंग अजून ओला वाटत होता. मुलगाच होता तो. पक्षकार आलेला बघून त्याने स्वतः खुर्ची पुसली, चहा सांगितला, कोरा कागद काढला आणि विचारलं, "समोरची पार्टी कोण?"

मी पेढीचं नाव सांगितलं. त्याने हळूच कागद परत खणात ठेवला.

"मागच्याच महिन्यात त्यांनी मला एक केस दिली हो. लहानच आहे. पण दिली."

"तुम्हालाही?"

"सगळ्यांनाच देतात, काकू. गावात नवी पाटी लागली की पेढीचा माणूस पेढे आणि एक केस घेऊन येतो. मला वाटलं, माझं नाव झालं म्हणून आले." तो ओशाळून हसला. "एकदा त्यांचं काम घेतलं की त्यांच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. आता चहा सांगितलाय तो तरी घ्या."

चहा पिऊन होईपर्यंत तो टेबलावरची धूळ बोटाने गोळा करत बसला. मी उठले तेव्हा दाराकडे एक नजर टाकून म्हणाला, "जयसिंगपूरला हेरवाडेबाई आहेत. त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि केस परत पाठवली म्हणतात. जरा फटकळ आहेत."

हेरवाडे वकीलबाईंचं ऑफिस खतांच्या एका दुकानावर होतं. जिना चढतानाच खताचा वास नाकात बसे. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या त्या बाईंनी माझे कागद एकदा वाचले, पुन्हा वाचले आणि विचारलं, "मिस्टर कुठं आहेत?"

"पुण्याला."

"मला पुणं सांगू नका. मी बेलिफ नाही."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहा महिने लपून बसलेत? कशासाठी?"

"पकडतील म्हणून."

"अहो, लपलेत म्हणून पकडतील! ज्याची ऐपत नाही त्याला कोर्ट तुरुंगात टाकत नाही. ऐपत असून देत नाही, किंवा पळतो, त्याला टाकतं. पहिल्याच तारखेला हजर होऊन 'साहेब, माग गेले, आता काही उरलं नाही' एवढं सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी आले असते. सहा महिने तुम्ही पेढीच्याच बाजूनं पुरावा गोळा करताय. ही अक्कल दिली कोणी?"

"शेजाऱ्यांनी. नेमिनाथ मगदूम म्हणून आहेत."

बाईंनी परत चष्मा लावला आणि कागदांतला एक कागद वर काढला. "हे मगदूम? जामीनदार?"

"होय."

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. मग पहिल्यापेक्षा सावकाश बोलू लागल्या. "तुमच्या मिस्टरांना कोर्टात हजर करून मी अटक टाळू शकते. पाठोपाठ कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज टाकू. ते नादार ठरले की पेढी त्यांच्याकडून काही घेऊ शकणार नाही. पण जामीनदार सुटत नसतो. पेढी दुसऱ्या दिवशी मगदुमांकडे वळेल. त्यांचे माग आहेत, घर आहे. समजतंय ना?"

मी मान हलवली. ऐकू आलं होतं, समजायला अजून वेळ लागणार होता.

"फी सहा हजार. त्यात पेपरातल्या नोटिशीचा खर्च आला. आणि सगळी आधी. नादाराची फी मी नंतर ठेवत नाही. नंतर ठेवली तर मीही तुमच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटची उभी."

"थोडी कमी..."

"बाई, कोल्हापुरात विचारून या आणि मग कमी करायला सांगा." त्यांनी कोरं वकीलपत्र माझ्या हातात दिलं. "यावर मिस्टरांची सही घ्या. आणि त्यांना सांगा, आता पुण्याहून या म्हणावं."

त्या संध्याकाळी हे हातपाय धुऊन जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, "वकील मिळाला. बाई आहेत."

"बाई?" ते कितीतरी दिवसांनी हसले. "फी काय म्हणते बाई?"

मी आकडा सांगितला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "म्हणजे नादार व्हायलाही ऐपत लागते." मग हसणं थांबवून म्हणाले, "आणि सही घातलेल्याचं काय?"

त्यांनीच विचारलं म्हणून सांगावं लागलं. ऐकून त्यांनी तो तुकडा ताटात परत ठेवला.

"मग राहू दे. बसतो मी तिथं."

"किती दिवस?"

"बसवतील तितके. सहा महिने त्या घरचं जेवतोय, प्रभा. त्यांच्या गळ्यात धोंडा बांधून मी मोकळा होऊ?"

वकीलबाईंनी दुसरं जे सांगितलं होतं, लपण्याचं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्या घरात माणसाला सकाळी परत जायचं आहे त्या घराबद्दल त्याला रात्री काय सांगावं? मी वकीलपत्र डब्याखाली सरकवलं आणि भांडी घासायला घेतली. मुळात आमच्याकडे सहा हजार नव्हतेच, हे दोघांच्याही लक्षात होतं, आणि दोघांनाही त्याचा थोडा आधार वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमवहिनी परसातून आल्या. पदराखाली रुमालात काहीतरी होतं.

"वकील बघतायसा म्हणं," त्या खाली बसत म्हणाल्या. "कोर्टाच्या रस्त्याला तुम्हाला निम्म्या गल्लीनं बघितलंय. मला या महिन्याची भिशी लागलीय. हे घ्या, फीला होतील."

"नको, वहिनी."

"नको काय? मागनं द्या. मी काय पेढी हाय व्याज लावायला?"

"आधी माझं ऐका तरी." मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. हे सुटले की पेढी त्यांच्या दारात येईल, तेही सांगितलं. कुसुमवहिनी माझ्या निवडून ठेवलेल्या तांदळांतून बोटं फिरवत ऐकत होत्या. मी थांबले तरी त्यांची बोटं थांबली नाहीत.

"एवढं सांगायला दार लावलंसा होय?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊक हाय ते."

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासनं." त्यांनी हात तांदळांतून काढून मांडीवर ठेवले. "वॉरंट निघायच्या आधी आमचं मालक एका वकिलाकडं जाऊन आले होते. गावातल्याच, पेढीच्या. त्यानं सांगितलं, मूळ माणूस सापडत नाही तवर पेढी त्यालाच हुडकत राहते. त्यानं कोर्टात येऊन हात वर केले की तुमचा नंबर. म्हणून बसवलं त्यांना आमच्यात. गल्ली म्हणते, मगदुमांनी शेजाऱ्याला लपवलं, केवढं मन! आम्ही लपवलं नाही, वहिनी. आम्ही त्यांना धरून ठेवलंय."

भिंतीपलीकडे माग चालूच होते. मला काही क्षण फक्त तेवढंच ऐकू येत होतं.

"सहा महिने," मी म्हणाले. "सहा महिने तुम्ही रोज तिथनं इथं येता, माझ्याशी बोलता—"

"होय. आणि रोज त्यांना गरम वाढलं. तेही खोटं नव्हतं." त्या माझ्याकडे बघत होत्या. "मालक वाईट माणूस नाही हो. भ्यालेलं माणूस हाय. भ्यालेलं माणूस शेजाऱ्याचं चांगलं बघताना आधी स्वतःचं दार बघतं."

"मग हे पैसे कशाला?"

"गेल्या सोमवारी तुमच्या ह्यांना ताप होता. सांगितलं असेल तुम्हाला?"

मला कोणी सांगितलं नव्हतं; त्या रात्री हे उशिरा येऊन न जेवताच झोपले होते, एवढंच मला माहीत होतं.

"मागाजवळ उभं राहवेना, खाली बसले. अंग असलं तापलेलं. मी म्हटलं, दवाखान्यात न्या, कोपऱ्यावर तर हाय. मालक म्हणाले, दिवस मावळू दे. तुमचं हे पण म्हणाले, मावळू दे. मी कापडाचा एक तागा त्यांच्या अंगावर टाकला आणि दिवस मावळायची वाट बघत बसले. बाहेर ऊन बघा कसलं होतं. माझ्या घरात माणूस कुडकुडतोय आणि मी त्याला कोपऱ्यावर नेऊ शकत नाही. मला सांगा, आमच्यात कोण कोणाला पकडून बसलंय?"

त्यांनी रुमाल माझ्या पुढ्यात ठेवला.

"ह्यांची सही होणार नाही," मी म्हणाले. "ते नाही म्हणतात. तुमच्यासाठीच."

"कागद द्या इकडं. सही मी आणते."

संध्याकाळच्या आत त्यांनी सही आणली. कशी, ते नंतर सांगितलं. दुपारच्या ताटाशेजारी त्यांनी वकीलपत्र आणि पेन ठेवलं होतं. हे म्हणाले, "नेमिनाथभाऊंना विचारल्याशिवाय नाही." तेव्हा कुसुमवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घर त्यांचं हाय तसं माझंही हाय. माझ्या घरात आता तुम्हाला ठेवून घ्यायचं नाही मला. जेवा आणि सही करा." ह्यांना वाटलं, आपल्याला हाकललं. त्या रागातच त्यांनी सही केली.

"आणि भाऊंना?" मी विचारलं.

"मालकांना मी सांगीन. आधी पैसे पोचू देत."

जयसिंगपूरला आम्ही दोघी मिळून गेलो. बसमध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही खिडकीची काच बंद होत नाही म्हणून. हेरवाडेबाईंनी नोटा घेतल्या, पावतीपुस्तक ओढलं आणि विचारलं, "पावती कुणाच्या नावानं? मिसेस उत्तूरे?"

"माझ्या नावानं करा," कुसुमवहिनी म्हणाल्या. "पैसे माझे हायत. कुसुमावती नेमिनाथ मगदूम."

पेन थांबलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही जामीनदारांच्या घरच्या?"

"होय की."

"हे कशाचे पैसे भरताय, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"मिस्टरांना माहीत आहे?"

"दुपारपर्यंत होईल."

वकीलबाईंनी पावतीपुस्तक मिटलं. त्यांच्या आवाजातला फटकळपणा गेला होता. "बघा, मगदूमबाई. उद्या पेढी तुमच्यावर येईल तेव्हा तुम्हालाही वकील लागेल."

"तुम्ही हायसा की. फी आणून देईन परत."

"नाही. तेच सांगतेय. तुमच्या मिस्टरांनी पेढीला पैसे भरले की ते वसूल करायला ते कायद्यानं उत्तूऱ्यांवर येऊ शकतात. मी एकदा उत्तूऱ्यांचं वकीलपत्र घेतलं की तुमच्यासाठी उभी राहू शकत नाही. आणि पेढीच्या कामात नसलेलं या भागात दुसरं कोणी मला माहीत नाही." त्यांनी नोटा टेबलावर मध्यभागी ठेवल्या. "मी एकच आहे. तुम्ही आज मला यांना देऊन टाकताय. अजून पावती लिहिलेली नाही. बाहेर जाऊन बोला दोघी."

आम्ही बाहेर गेलो नाही. मी नोटांकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी कुसुमवहिनींनी त्या उचलल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. आणि त्यांनी त्या उचलू नयेत, असंही मला आतून तितक्याच जोराने वाटत होतं.

"दुसरा हुडकायला वेळ किती मिळेल?" कुसुमवहिनींनी विचारलं.

"नोटीस यायला महिना तरी. जास्तच."

"मग पावती लिहा," त्या म्हणाल्या. "भाऊजींना तर मोकळा एक दिवसही मिळत नव्हता."

पुढचं लवकर झालं. हे कोर्टात हजर झाले. न्यायाधीशांनी विचारलं, काय आहे तुमच्याकडे? ह्यांनी दोन्ही हात किंचित वर करून सांगितलं, काही नाही, साहेब. अटक टळली. नादारीच्या अर्जाची नोटीस पेपरात आली, त्यात आमचं पूर्ण नाव, गल्ली, घर क्रमांक. बालवाडीतल्या शिपाईणबाईंनी तो पेपर त्या दिवशी कोणाला दिसू दिला नाही. हे महिनाभर गल्लीत मान खाली घालून चालले, पण भर उन्हातून चालले.

नेमिनाथभाऊंनी आमच्याशी बोलणं सोडलं. कुसुमवहिनींशीही त्यांनी किती दिवस अबोला धरला, ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. दर रविवारी आम्ही दोघी बाहेर पडत होतो. सांगली, मिरज, पुन्हा सांगली. कुठल्याही ऑफिसात बसायच्या आधी उभ्यानेच पेढीचं नाव सांगायचं, एवढं शहाणपण आता आम्हाला आलं होतं. सांगलीच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. कुसुमवहिनींनी त्यांना तिथेच वाकून नमस्कार केला.

नोटीस आली त्या दिवशी दुपारी नेमिनाथभाऊ आमच्या दारात उभे राहिले. हातात कागद होता. ह्यांनी 'या' म्हटलं, तरी ते आत येईनात.

"सदाभाऊ," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आता मी कुठं जाऊन बसू?"

मला वाटलं, आता हे बोलतील. सहा महिन्यांचं, तापाचं, सगळं बोलतील. एव्हाना ह्यांना त्या लपवण्यामागचं सगळं कळलेलं होतं, मीच सांगितलं होतं. हे उठले. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालत दारापर्यंत गेले.

"कुठं बसायचं नाही," ते म्हणाले. "पंधरा तारखेला कोर्टात बसायचं. मी येतो बरोबर. बाहेरच्या बाकावर जरा वेळ जातो, पण दुपारनंतर सावली येते तिथं."

नेमिनाथभाऊंनी हातातला कागद ह्यांच्यापुढे धरला, आणि दोघं तिथेच पायरीवर खाली बसून तो पहिल्यापासून वाचू लागले.